पक्कड आणि कातर

तार ही दिसावयास अगदी साधी वस्तू. पण माणसाच्या हाताला तिने पुष्कळदा हार खावयास लावली आहे. दोरा दातांनी तोडता येतो, काठी गुडघ्यावर मोडता येते, कागद टराटर फाडता येतो. परंतु कुंपणाची तार ओढून तुटत नाही आणि दाबून सरळ होत नाही. ती वाकते, बोटांवर वळ उठविते, संधी साधून नखाखाली शिरते आणि हात सैल पडताच पुन्हा आपल्या मूळच्या वळणावर जाते. एकाच जागी वारंवार इकडून तिकडे वाकविली म्हणजे ती अखेर मोडते, हे खरे. परंतु तोवर ती जागा तापून बोटांना चटका बसतो, टोक वेडेवाकडे होते आणि जेथे मोडावयास हवी तेथेच ती मोडेल असाही भरवसा नसतो. बोटांचा हा उणेपणा भरून काढण्यासाठी माणसाने जी हत्यारे घडविली, त्यांत पक्कड आणि तारेची कातर यांचा मान मोठा आहे.

पक्कड नाही असे घर विरळाच. हातोडी आणि पेचकस यांच्या शेजारी ती पेटीत पडून असते. खिळा उपटावयाचा असो, सायकलच्या चाकात गुंतलेली तार ओढून काढावयाची असो, की नळाची घट्ट बसलेली चकती फिरवावयाची असो, सर्वांना आधी तिचीच आठवण होते. इतक्या निरनिराळ्या कामांना ती बोलाविली जाते म्हणूनच बहुधा, ती मुळात कोणत्या कामासाठी घडविलेली आहे असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेतच सापडते.

पक्कड म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन तरफा होत. त्यांची लांब बाजू हाताकडे असते, तिला मूठ म्हणतात. आखूड बाजू कामाकडे असते, तिला जबडा म्हणतात. खिळीपासून हात जितका दूर आणि धरलेली वस्तू जितकी जवळ, तितका हाताचा जोर अधिक वाढून त्या वस्तूवर पडतो. तरफेचा हा नियम ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने सिद्ध करून दाखविला. परंतु नियम सिद्ध होण्याची वाट कारागिरांनी पाहिली नव्हती. त्याच्या कितीतरी आधीपासून ते तरफ वापरीत होते. आपल्या घरातच या कुळातील भावंडे नांदत असतात. चुलीवरून तापलेले पातेले उतरविणारी सांडशी ही पकडीची सख्खी बहीण; तिची खीळ मध्ये, हात एका टोकाला आणि पातेले दुसऱ्या टोकाला. पानाच्या डब्यातील अडकित्त्याची खीळ मात्र अगदी टोकाला असते. तेथे सुपारी खीळ आणि हात यांच्या मधोमध सापडते, आणि दातांना दाद न देणारी ती सुपारी घरातील आजीसुद्धा बोलता बोलता कातरून ठेविते. निखारे उचलण्याच्या चिमट्याचे तंत्र याहून वेगळे. त्याचे जोडलेले टोक हाच टेकू, हात मध्ये आणि निखारा दुसऱ्या टोकाला. त्यामुळे चिमट्यात हाताचा जोर वाढत नाही, उलट घटतो. पण म्हणूनच निखारा न फुटता अलगद उचलला जातो. कोणत्या कामाला जोर हवा आणि कोणत्या कामाला हळुवारपणा, हे ही भावंडे आपापल्या परीने ओळखून आहेत.

पकडीत जोर किती वाढतो, ते थोड्या गणिताने समजेल. एखाद्या पकडीच्या मुठीवर हात खिळीपासून १२ सेंटिमीटर अंतरावर दाब देत आहे आणि तार कापणारी धार खिळीपासून दीड सेंटिमीटर अंतरावर आहे, असे समजू. १२ ला दीडने भागले असता ८ येतात. म्हणजे हाताने २० किलोग्रॅम वजनाइतका दाब दिला, तर तारेवर १६० किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. पन्नास किलोंची तीन पोती एकावर एक रचून त्यांचा सगळा भार दोऱ्याएवढ्या अरुंद धारेवर ठेवला, तरी तो याहून थोडा कमीच भरेल. हीच वस्तू जबड्याच्या टोकाशी, खिळीपासून ४ सेंटिमीटरवर धरली, तर जोर आठपट न होता तिप्पटच होतो आणि दाब ६० किलोग्रॅमांवर उतरतो. कापावयाची तार खिळीजवळ सरकवावी, असे कारागीर आपल्या शिकाऊ मुलाला सांगतो, त्याच्या मागे हा भागाकार आहे. अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. हात ८ मिलिमीटर सरकतो तेव्हा धार अवघी १ मिलिमीटर सरकते. जोरात मिळालेला नफा अंतरात परत करावा लागतो.

आता जबड्याची ठेवण निराळी केली की पकडीचे काम बदलते. ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वीपासून माहीत होती. सांडशी हा शब्द संस्कृतातील संदंश या शब्दावरून आलेला आहे, आणि सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथात संदंश हे शल्यवैद्याच्या एका उपकरणाचे नाव आहे. त्या ग्रंथात १०१ यंत्रांची गणना केलेली असून त्यांतील २४ यंत्रांना स्वस्तिकयंत्रे म्हटले आहे. ती १८ अंगुळे लांब असावीत, त्यांचे दोन भाग मसुराच्या आकाराच्या खिळीने जोडलेले असावेत आणि त्यांची तोंडे सिंह, वाघ, लांडगा, कावळा अशा पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखी घडवावीत, असे तेथे सांगितले आहे. हाडात रुतून बसलेले शल्य बाहेर काढणे हे त्यांचे काम. बाणाचे टोक वर दिसत असेल तर रुंद जबडाही चालेल; पण ते खोल दडलेले असेल तर लांब आणि निमुळती चोचच आत पोहोचेल. या सर्व यंत्रांत कंकमुख, म्हणजे बगळ्यासारख्या कंक पक्ष्याच्या चोचीचे यंत्र श्रेष्ठ मानलेले आहे. कारण ते सहज आत शिरते, शल्य घट्ट धरते आणि त्याला घेऊन सहज बाहेर येते. विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्याच्या मेजावर जी लांब नाकाची पक्कड असते, ती पाहिली म्हणजे कंकमुखाचे वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते. तिलाही अडचणीच्या जागेतून बारीक वस्तू काढावयाची असते. मात्र लांब नाकाचा जबडा खिळीपासून दूर गेलेला असल्यामुळे तेथे जोर कमी पडतो. तिच्याकडून बळाचे काम घेतले तर तिचे नाक वाकडे होते.

नेहमीच्या पकडीच्या जबड्यात तीन निरनिराळी हत्यारे एकत्र आणलेली असतात. टोकाचा भाग सपाट व खाचा पाडलेला असतो. पत्रा किंवा तार घट्ट धरावयाची ती येथे. त्याच्या मागे दातेरी कडांची लंबगोल पोकळी असते. गोल सळई किंवा बारीक नळी तिच्यात बसते. सर्वांत मागे, खिळीला लागून, तार कापण्याची धार असते. हा क्रम सहज म्हणून ठेवलेला नाही. धरण्याला जोर थोडा पुरतो, कापण्याला फार लागतो. म्हणून जेथे जोर सर्वाधिक तेथे धार. सोनाराच्या पकडीचे जबडे मात्र गुळगुळीत असतात, कारण खाचांचे व्रण सोन्यावर उमटले तर दागिना बिघडेल. तारेचे कडे वळविणाऱ्याची पक्कड गोल, निमुळत्या चोचींची असते. चोचीच्या टोकाशी तार गुंडाळली तर लहान कडे होते, बुडाशी गुंडाळली तर मोठे.

धरण्याचे आणि कापण्याचे काम एकाच हत्याराकडे सोपवावे, ही गरज मोठ्या प्रमाणावर भासू लागली ती तारायंत्राच्या काळात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर देशोदेशी खांब उभे राहिले आणि त्यांवरून तारा धावू लागल्या. भारतातही १८५४ पर्यंत मुंबई, कलकत्ता आणि आग्रा ही शहरे तारेने जोडली गेली होती. खांबावर चढलेल्या माणसाला एका हाताने आधार धरावा लागे. दहा हत्यारे बदलीत बसणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. त्या काळची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील शिकागो शहरी माथायस क्लाइन नावाचा लोहारकाम करणारा कारागीर राहत असे. १८५७ साली तारा ओढणारा एक मनुष्य आपली मोडलेली पक्कड घेऊन त्याच्याकडे आला. तिचा एक भाग निकामी झाला होता. क्लाइनने तसाच नवा भाग घडविला आणि जुन्या भागाशी जोडून दिला. काही दिवसांनी तोच मनुष्य परत आला. आता जुना भाग मोडला होता. क्लाइनने दुसराही भाग घडविला, आणि अशा रीतीने त्याच्या हातची पहिली संपूर्ण पक्कड तयार झाली. पुढे त्याच्या वंशजांनी चालविलेला कारखाना अशाच हत्यारांसाठी नावारूपास आला, आणि त्या कारखान्याचा इतिहास या गोष्टीपासूनच सांगितला जातो. संदेश नेणारी ती तारसेवा भारतात २०१३ साली बंद झाली. पण तारेच्या खांबावर उपयोगी पडलेली पक्कड विजेच्या खांबावर आजही चढते आहे.

ज्याला दिवसभर तारा कापावयाच्या असतात त्याला पकडीतली छोटी धार अपुरी पडते. त्याच्यासाठी निराळी कातर असते. तिला जबडा असा नसतोच. दोन तिरक्या धारा समोरासमोर येऊन भिडतात. बाजारात तिला साइड कटर म्हणतात. कापड कापण्याच्या कात्रीहून तिची रीत वेगळी आहे. कात्रीची दोन पाती एकमेकींना घासून पुढे जातात. कातरीच्या धारा पाचरीसारख्या दोन्ही बाजूंनी तारेत घुसतात. तांब्यासारखी मऊ तार जवळजवळ शेवटपर्यंत दाबली जाते. कठीण पोलादी तारेत धारा थोड्या शिरतात आणि ती एकदम टक् असा आवाज करून तुटते. कापलेले टोक निरखून पाहिले तर ते घराच्या आढ्यासारखे दोन उतारांचे दिसते. काही कातरींच्या धारा एका बाजूने सपाट घासलेल्या असतात. त्यांनी कापलेले टोक त्या बाजूला सपाट राहते. अशी कातर बारीक कामाला फार सोयीची, पण तिची धार पातळ असल्यामुळे नाजूकही. पुष्कळ बारीक तारांची बनलेली जाड केबल मात्र या कोणत्याच हत्याराने नीट कापली जात नाही. ती चेपते आणि तिचे तंतू पसरतात. तिच्यासाठी पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पात्यांची कातर लागते. आणि बोटाएवढी सळई तोडावयाची असली तर एका तरफेला दुसरी तरफ जोडलेली, हातभर लांब दांड्यांची बोल्टची कातर आणावी लागते. तेथे एका तरफेने वाढविलेला जोर दुसरी तरफ पुन्हा वाढविते.

कातर विकत घेताना किंवा हाती धरताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की कठीण कोण, धार की तार? लोखंडी हत्याराला कठीणपणा आणण्यासाठी पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड करतात. आपल्याकडे याला धारेला पाणी देणे असे म्हणतात. पाणी दिलेले पोलाद फार कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. चांगल्या कातरीत धारेचा भाग विशेष कठीण आणि मुठीचा भाग चिवट ठेवलेला असतो. अशी कातर तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, साधी लोखंडी तार यांना सहज जिंकते. पण तारांमध्येही पाणीदार तारा असतात.

मिरज हे शहर तंबोरे आणि सतारी यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील वाद्ये घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांची, असे सांगतात. तलवारींचे दिवस गेल्यावर त्यांच्या हातातील पोलादाचे ज्ञान तारांच्या नादात उतरले, हा मोठा सुंदर योगायोग म्हणावयाचा. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा पोलादाच्या असतात आणि खर्जाची तार पितळेची. जोडाची तार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच जाड असते. अशी केसासारखी तार पाहून कोणालाही वाटेल, की हिला काय लागते, हाती आलेली कातर चालेल. परंतु सतत ताणलेली राहूनही लांबू नये म्हणून ही तार फार कठीण पोलादाची केलेली असते. मऊ धारेच्या कातरीने ती कापली तर तार तुटतेच. पण धारेवर एक बारीक खाच ठेवून जाते. त्या खाचेत पुढे तांब्याचा तंतू अडकतो आणि न कापता नुसता चेपला जातो. खर्जाची पितळी तार जोडाच्या तारेहून जाड असूनही कातरीला तिचा त्रास होत नाही. केवळ जाडी पाहून कातर निवडू नये ती याचसाठी. चांगले कारखाने आपल्या कातरीबरोबर दोन-तीन आकडे देतात; ज्या कातरीला मऊ तार ४ मिलिमीटरपर्यंत चालते, तिला कठीण पोलादी तार २ मिलिमीटरपर्यंतच चालावी, असे तेथे आढळते. २ मिलिमीटर जाडीच्या तारेचा छेद १ मिलिमीटरच्या तारेच्या दुप्पट नसून चौपट असतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कठीण तार कापताना धार बिघडते हे नुकसान पैशांचे झाले. दुसरे नुकसान भरून न येणारे आहे. कातरीच्या पाचरी तारेच्या दोन्ही टोकांना बाजूला ढकलीत असतात. तार तुटण्याच्या क्षणी तो सगळा साचलेला जोर कापलेल्या तुकड्याला मिळतो आणि सुईसारखा तो तुकडा गोफणीतील दगडाप्रमाणे उडतो. तो कोठे जाईल याचा नेम नसतो; आणि काम करणाऱ्याचा चेहरा तर त्याच्यावरच वाकलेला असतो. म्हणून जाणता कारागीर तुटणारे टोक दुसऱ्या हाताने धरून ठेवतो, किंवा कातरीचे तोंड जमिनीकडे करतो, आणि डोळ्यांवर चष्म्यासारखे संरक्षक आवरण चढवितो. समोर कोणी उभे असेल तर त्याला बाजूला व्हावयास सांगतो. ताणलेली तार याहूनही घातक. नाशिक-सांगलीकडील द्राक्षांच्या मांडवांत आणि शेताच्या कुंपणांत तारा ताणून बांधलेल्या असतात. अशी तार आधी सैल न करता मध्येच कापली, तर तिची दोन्ही टोके चाबकासारखी मागे येतात. तार आधी ढिली करावी, मग कापावी, आणि कापताना तिच्या रेषेत उभे राहू नये.

दुकानात पक्कड निवडताना तिच्या चकचकाटाकडे पाहून भुलू नये. मुलामा कोणत्याही पोलादावर चढतो. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. धारा सर्व लांबीभर एकमेकींना भिडलेल्या असाव्यात, मधून उजेडाची फट दिसू नये. जबडे आडवे हलवून पाहावे. खीळ सैल असेल तर ते डुगडुगतात, आणि अशा पकडीच्या धारा कधीच समोरासमोर येत नाहीत. उलट खीळ इतकी घट्टही नसावी की उघडताना दोन हात लावावे लागावेत. कातरीची परीक्षा तर फारच सोपी आहे. तांब्याचा एकच बारीक तंतू घेऊन तो धारेच्या अगदी टोकाशी कापून पाहावा. तो चेपून लोंबत राहिला तर ती कातर परत ठेवावी. शेवटी मूठ उघडून हातात घ्यावी. बाजारात १५ सेंटिमीटरपासून २० सेंटिमीटरपर्यंत लांबीच्या पकडी नेहमी मिळतात. मोठी पक्कड जोर अधिक देते. पण उघडल्यावर दोन्ही मुठी बोटांच्या कवेत येत नसतील, तर तो जोर लावणार कोण? लहान हाताला लहान पक्कडच अधिक बळ देते.

घरोघरी पकडीवर जे जुलूम होतात, त्यांतील काहींचा येथे उल्लेख केला पाहिजे. ती हातोडी नव्हे. तिने खिळा ठोकला तर खिळीचा सांधा सैल होतो. ती पाना नव्हे. नटाच्या सहा बाजूंपैकी दोन समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, आणि पान्याचे तोंडही समांतर असते. पकडीचे जबडे उघडताना कोन करून उघडतात, त्यामुळे नट त्यांच्या कडांवरच टेकतो. जोर लावला की पक्कड घसरते आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. मग पान्यालाही तो दाद देत नाही. तार कापताना कातर डावी-उजवीकडे हलविण्याची सवयही पुष्कळांना असते. एका दाबात तार तुटत नसेल तर कातर त्या तारेला पुरी पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हलविल्याने धारेचे तुकडे उडतात. मुठीवर नळी चढवून ती लांब करणे हा तर तरफेच्या नियमाचा दुरुपयोगच होय. हाताला जोर मिळतो, पण खिळीवरही तोच जोर येतो आणि ती बिचारी मोडते.

विजेच्या तारेवरचे आवरण सोलणे हे काम दिसावयास किरकोळ, परंतु त्यात मोठी जोखीम भरलेली आहे. पकडीच्या धारेत तार हलकेच दाबून आवरण ओढून काढण्याची रीत सगळीकडे आढळते. हात जरा जड पडला की आवरणाबरोबर आतील तांब्यालाही खाच पडते किंवा काही तंतू तुटतात. राहिलेल्या तंतूंतून तेवढीच वीज वाहावी लागते. अरुंद वाट झाल्यामुळे ती जागा तापते. शिवाय खाच पडलेली तार दोन-चार वेळा वाकली की तेथेच मोडते. भिंतीतील आगीची सुरुवात कधी कधी अशा तापलेल्या सांध्यापासून होते. यासाठी तार सोलण्याचे स्वतंत्र हत्यार मिळते. त्याला तारेच्या मापाची भोके असतात, आणि भोक आवरण कापून तांब्याशी थांबते. सोललेले टोक स्क्रूखाली बसवावयाचे असेल तर गोल चोचीच्या पकडीने त्याची कडी करावी, आणि ती कडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेली असावी. स्क्रू आवळताना त्याच दिशेने फिरतो आणि कडीला आत ओढून घेतो. उलट्या दिशेची कडी आवळता आवळता उलगडून बाहेर येते.

सर्वांत मोठा गैरसमज पकडीच्या मुठीवरील रंगीत वेष्टनाविषयी आहे. ते लाल किंवा पिवळे वेष्टन दिसले की ही पक्कड विजेच्या तारेला लावावयास हरकत नाही, असे लोक समजतात. पुष्कळ पकडींवर ते केवळ हाताला बोचू नये आणि घसरू नये म्हणून चढविलेले असते. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. घामाने, तेलाने ते खराब होते. पक्कड पोलादाची, आणि पोलाद विजेला अडवीत नाही. वीजकामासाठी बनविलेल्या पकडींच्या मुठी वेगळ्या असतात. त्यांचे वेष्टन १०,००० व्होल्ट दाबाखाली तपासलेले असते, आणि त्यांवर एकात एक गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्ट हा आकडा उमटविलेला असतो. घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. माणसाचा जीव घेण्यास तो पुरेसा आहे. खुणेची पक्कड हातात असतानाही शहाणा वायरमन आधी मुख्य कळ बंद करतो, कळीजवळ कोणीतरी उभा करतो किंवा तिला कुलूप घालतो, टेस्टर आधी चालू तारेवर लावून तो ठीक आहे ना हे पाहतो, मग कापावयाच्या तारेला लावतो, आणि त्यानंतरच कातर पुढे करतो. मुलांनी तर विजेच्या तारेला कोणतीही पक्कड लावू नये. मोकळ्या तारेच्या तुकड्यावर हात बसवावा.

एखाद्या जुन्या वायरमनच्या पकडीची धार पाहावयास मिळाली तर तिच्यावर कधी कधी अर्धगोल, वितळल्यासारखा एक खळगा दिसतो. कारखान्यात तसा खळगा केलेला नसतो. दोन तारांची चालू केबल एका दमात कापली गेली, तर पोलादी धार दोन्ही तारांना एकदम जोडते. क्षणार्धात डोळे दिपविणारी ठिणगी उडते आणि धारेचे पोलाद वितळून जाते. काही विनोदी लोक त्या खळग्याचा उपयोग पुढे तार सोलण्यासाठी करतात. परंतु त्या पकडीचा मालक त्या दिवशी वाचला तो वेष्टनामुळे, बुटांमुळे की केवळ दैवाने, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

काम झाल्यावर पकडीला फार थोडी सेवा लागते. ओलसर असेल तर फडक्याने पुसावी, खिळीच्या सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडून ती पाच-सहा वेळा उघडमीट करावी, आणि बाहेर आलेले काळे तेल पुसून टाकावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणच्या खाऱ्या हवेत, मुठीच्या वेष्टनाखालीसुद्धा गंज शिरतो. म्हणून तेथे पेटीत तेलाचे फडके ठेवण्याची चाल आहे. गंजाने घट्ट झालेली पक्कड हातोडीने ठोकून उघडू नये. सांध्यात तेल सोडून ती रात्रभर ठेवली म्हणजे सकाळी बहुधा आपण होऊन हलू लागते.